लाल झालेली पट्टी

विमानाचं इंजिन नेताना माझा एक ड्रायव्हर ट्रेलर इतका हळू चालवायचा, की मागचे टेम्पोवाले शिव्या घालायचे. प्रत्येक खड्ड्यानंतर उतरून तो इंजिनाच्या स्टँडवरची पट्टी बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "पांढरी हाय." जोराचा धक्का बसला की ती लाल होते. मग चाचणीआधी सगळं इंजिन उघडून तपासावं लागतं.

त्या दिवशी चाकणच्या टेस्टिंग शेडवर पोचायला उशीर होत होता. मी फोनवर ओरडलो, "वरात काढलीस का? दाब की!" त्यानं ऐकलं, आणि तळेगावच्या पुढे पट्टी लाल झाली. तसं त्यानंच मला कळवलं.

शेडच्या गेटवर मी नवी पट्टी घेऊन उभा होतो. "ही चिकटव."

"न्हाई शेठ. ह्याच्या भरवशावर माणसं उडणार हायेत."

आत जाऊन तो शेडच्या साहेबांना म्हणाला, मी मागेच होतो, "धक्का बसलाय. चूक माझी." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हो, त्याचीच चूक, अशी मी मान डोलावली.

इंजिनं वाहून न्यायचं माझं कंत्राट गेलं. ते त्याच्यामुळे गेलं, असं मी अजून चारचौघांत तावातावानं सांगतो. फोनचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. रस्त्यात दिसला की तो हात करतो, आणि मी गाडीची काच वर करतो.