सारजाबाईंनी वाटाण्याची उगवण पाहिली

निमोण्याच्या सारजाबाई शिरूरच्या बाजारात वाटाण्याच्या शेंगा विकायच्या. गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीकडे गेलं, की घरची सून रुसून माहेरी गेल्यासारखं त्यांना वाटायचं. अशात दोन हजार तीनच्या थंडीत समोरच्या हौसराव किराणावाल्याने फ्रीझर आणला आणि त्यात गोठवलेल्या वाटाण्याची पाकिटं मांडली. सारजाबाईंच्या हक्काच्या बायका नजर चुकवून तिकडे जाऊ लागल्या. पाटी अर्धी भरलेलीच घरी परतू लागली.

हे असंच चाललं तर बाजारातली जागा सोडावी लागणार, हे बाईंना कळत होतं. पण शत्रूचा माल पारखल्याशिवाय हार मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी एक पाकीट घेतलं, दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि रोज वर पाणी शिंपडलं. बियाणं असंच तपासतात. नवरा हरिबा बिचारा म्हणत होता, त्यापेक्षा उसळ कर. त्याचं कोण ऐकतो? गोणपाटाला वास सुटला, पण कोंब काही फुटला नाही.

पुढच्या बाजारी बाईंनी ते गोणपाट पाटीशेजारी विजयाने उलगडलं.

"बघा, ह्यो वाटाणा मेलाय. एक बी उगवला न्हाई."

कंपनीत कामाला जाणारी अनिता, बाईंची जुनी गिऱ्हाईक, नाकाला पदर लावून म्हणाली, "मावशी, मला त्यो पेरायचा न्हाई, शिजवायचा हाय. कामावरनं दमून आल्यावर शेंगा कवा सोलू?"

दुसरी कोणी असती तर भांडली असती. बाईंनी गोणपाट गुंडाळून ठेवलं.

"आगं, मग हे आधी बोलायचं. मी हितं बसून माशाच मारतीय की."

त्या दिवसापासून बाईंची बोटं शेंगांवर आणि जीभ गिऱ्हाइकांवर एकाच वेगाने चालू लागली. सोललेला ताजा वाटाणा ओल्या फडक्याखाली, टरफलं घरच्या शेळीला. बायका परतल्या. खुद्द हौसरावांची बायकोही दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर पडून वाटीभर नेऊ लागली.

उन्हाळा लागला, शेंगा संपल्या. पाटीत आता गवार आली. अनिता वाटाणा विचारत आली, तर बाईंनीच तिला फ्रीझरचं दुकान दाखवलं.

"जा तिकडं. मेलेला हाय, पन पुलावात चालतोय. आन् हौसरावाला म्हणावं, सारजाबाईनं गिऱ्हाईक उसनं धाडलंय. थंडीत माघारी पाठव."

आणि हौसरावांनीही थंडीत ते खरंच पाठवलं.