लेण्यातलं ग्रीक

काही लोक लग्नपत्रिका साठवतात, काही औषधाच्या रिकाम्या बाटल्या. माझ्याकडे किस्से साठलेत, आणि तेही मी मुद्दाम साठवलेले नाहीत. अवसरी बुद्रुकच्या चौकात रोज कुणीतरी विचारतंच, "काय आबा, कुठवर आलं ग्रीक?" खरं उत्तर द्यायचं तर मान खाली घालावी लागते. मग मी एखादा किस्सा सांगतो. लोक हसतात, चहा पाजतात, विषय मिटतो. तीन वर्षं हेच चाललंय. किस्से वाढतायत आणि ग्रीक आहे तिथंच आहे.

मी एसटीतला रिटायर कंडक्टर. वय सदुसष्ट. मंडळी गेली त्याला आता पाच वर्षं झाली. मुलगा सागर जहाजावर आचारी म्हणून गेला, ग्रीसमधल्या एका बंदरावर उतरला आणि तिथंच राहिला. बायको तिथलीच, एलेनी. मुलगी इरीनी, आता पाच वर्षांची. इरीनी म्हणजे म्हणे त्यांची शांततेची देवी. नाव गोड आहे, तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. तिला मराठी येत नाही, मला ग्रीक येत नाही. सागरला म्हटलं, "तिला दोन शब्द मराठी शिकव की." तो म्हणाला, "आबा, मी घरी येतो तवा ती झोपलेली असती." दर रविवारी संध्याकाळी सूनबाई फोन लावून देतात, सागर हॉटेलात कामावर असतो, आणि आजोबा नि नात एकमेकांकडं बघत बसतात. एसटीत मी पन्नास माणसांना नुसत्या आवाजानं मागं सरकवायचो. आणि इथं पाच वर्षांच्या पोरीसमोर माझी बोबडी वळते. मी मरायच्या आत तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचंय. नुसतं "काय जेवलीस" एवढं जरी आलं तरी पुष्कळ झालं.

*

जुन्नरला शेटे सर ग्रीक शिकवतात असं कळलं, तेव्हा मला वाटलं देवच पावला. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं कोरलेली आहेत, यवन म्हणजे ग्रीक. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी ग्रीक माणूस इथवर आला आणि त्यानं भिक्खूंसाठी पाण्याचं टाकं खोदून दिलं. हे वाचून सर वेडे झाले. रिटायर झाल्यावर एका जाडजूड जुन्या पुस्तकावरून एकटेच ग्रीक शिकले.

त्यांचा क्लास रविवारी सकाळी, आणि तोही लेण्यात. आम्ही तीनच विद्यार्थी. मी, शिनोलीच्या सुमनताई आणि पिंपळवंडीचा बाळूभाऊ. सरांचा नियम एकच. ज्याला हात लावता येईल तोच शब्द शिकायचा. खांबाला हात लावायचा, म्हणायचं 'कोलोना'. दगडाला हात लावायचा, 'पेत्रा'. दार, 'पोर्ता'.

पहिला क्लास लेण्याद्रीला झाला. पायरीला 'स्काली' म्हणतात. सर म्हणाले, प्रत्येक पायरीवर एकदा म्हणायचं. तिथं तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. शंभरीला बाळूभाऊ बसला. दोनशेला मी. मागून दर्शनाला आलेल्या एका बाईनं माझ्याकडं बघून हात जोडले. तिला वाटलं मी नामस्मरण करतोय.

वर पोचल्यावर मी धापा टाकत विचारलं, "सर, 'ये, माझ्याजवळ बस' याला काय म्हणतात?"

सर म्हणाले, "त्याला हात लावून दाखवा, सांगतो."

*

सुमनताई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या रिटायर सिस्टर. त्यांना ना परदेशी जायचंय, ना कुणाशी बोलायचंय. त्या म्हणतात, "लेणी आमच्या बुद्धाची हायत. तिथं कोण आलं, काय देऊन गेलं, त्ये मला कळाया नको?" आमच्यात अभ्यास त्यांचाच पक्का. इंजेक्शन देताना देतात तशी उत्तरं देतात, पटकन आणि दुखेल अशी.

सरांनी एकदा मानमोडीच्या लेण्यात पुराणकथा घेतली. ग्रीकांच्या पुराणात एक बाप आहे, क्रोनोस. आपलं पोर आपल्याला गादीवरनं खाली ओढणार, असं भाकीत ऐकून तो जन्मलेलं एकेक पोर गिळतो. सर रंगात येऊन सांगत होते. पातेरास म्हणजे बाप, पेदी म्हणजे पोर, स्तोमा म्हणजे तोंड. स्वतःच्या तोंडाला हात लावून दाखवत होते.

सुमनताईंनी वही मिटली. "सर, त्या यवनानं हितं पाणी दिलं. तुमी आमाला पोरं खाल्ल्याचं का शिकवताय?"

सर म्हणाले, "पुस्तकात पुढचा धडा हाच आहे."

*

त्याच मानमोडीला आग्या मोहोळं आहेत, हे जुन्नरात शेंबड्या पोरालाही माहीत. तिथं अत्तर लावून जायचं नसतं. त्या दिवशी बाळूभाऊ साखरपुड्याहून थेट आला होता, गुलाबपाण्यानं भिजलेला.

मधमाशीला ग्रीकमध्ये 'मेलिसा' म्हणतात. हे आम्हाला पळता पळता कळलं. सर पुढं, धोतराचा सोगा हातात, ओरडतायत, "मेलिसा! मेलिसा!" मागं आम्ही. खाली एका शेतात बाई खुरपत होती, ती म्हणाली, "कोण हारावलं का वं तुमचं?"

सुमनताईंनी संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांचे काटे काढले. माझा डावा डोळा बंद, ओठ पावासारखा. रविवार होता, फोन आला. इरीनीनं मला बघितलं आणि किंचाळून पळाली. मी मागनं हाका मारत होतो, "मेलिसा, मेलिसा," म्हणजे मधमाशी चावली गं बाई, घाबरू नको. सूनबाईंच्या चेहऱ्यावरून काही त्यांना ते पोचल्यासारखं वाटलं नाही.

*

आता हे सांगताना मलाच माझी लाज वाटते, पण सांगतो.

पुढच्या रविवारी पोरगी पुन्हा फोनसमोर आली. सुजलेलं तोंड उतरलं होतं. ती मला काहीतरी विचारत होती आणि मी नंदीबैलासारखा मान हलवत होतो. मला वाटलं, आज गप्प बसायचं नाही. आपल्याकडं पोरांना गोष्ट सांगतात. मला ग्रीकमध्ये एकच गोष्ट येत होती.

मी म्हटलं, "पातेरास." ती सावरून बसली. म्हटलं, "पेदी." ती हसली. तिला समजतंय! तीन वर्षांत पहिल्यांदा माझं ग्रीक समजतंय असं माणूस समोर बसलं होतं. मी भान विसरलो. म्हटलं, "स्तोमा," आणि हातानं पोर उचलून तोंडात टाकल्याचं करून दाखवलं. चावून दाखवलं. पाच वेळा, कारण पोरं पाच होती.

ती जी रडायला लागली, ती थांबेना. फोन बंद झाला. सागरचा मेसेज आला, "आबा, तिला काय सांगितलं तुमी? ती माझ्याजवळ येईना झालीय."

दोन रविवार फोन आला नाही. मी संध्याकाळी फोन चार्जिंगला लावून त्याच्यापुढं बसून राहायचो. हे मी चौकात कुणाला सांगितलेलं नाही.

*

बाळूभाऊची गोष्ट वेगळी. त्याची द्राक्षाची बाग आहे, पण त्याला गाईड व्हायचंय. त्याचं गणित असं की, एवढ्या यवनांचे पूर्वज इथं येऊन गेले म्हटल्यावर आजचे यवन आज ना उद्या येणारच, आणि तेव्हा ग्रीक बोलणारा तालुक्यात तो एकटाच असणार.

तीन वर्षांत एक ग्रीक आला. एकच. लेण्याद्रीच्या पायथ्याशी, दाढीवाला, खांद्याला झोळी. त्या दिवशी सर साडूच्या दहाव्याला गेले होते. बाळूनं त्याला विचारलं, "ग्रीस?" त्यानं मान हलवली. मग काय, बाळूला राहवेना. तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. खांब, दगड, पायरी, दार, सिंह, देव, बाप, पोर, तोंड, मधमाशी, थडगं.

त्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग बाळूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भैया, हिंदी में बोलिए ना. दस साल से ऋषिकेश में हूँ."

बाळू दोन आठवडे क्लासला आला नाही. बागेत औषध मारायचंय, असं सांगत होता.

*

मध्ये मी सरांच्या नकळत माझ्या मोबाईलवर ॲप घेतलं. त्यात एक बाई ग्रीक शिकवते. पहिला धडा, 'इमे कोरीत्सी'. मी घरात, गोठ्यात, एसटी स्टँडवर घोकला. रविवारी छाती काढून म्हटलं, "इमे कोरीत्सी."

इरीनी हसली. अशी हसली की खुर्चीवरून घसरली. सूनबाईंना ओढून आणलं, पुन्हा म्हणायला लावलं. मी पाच-सहा वेळा म्हटलं. सागरनं नंतर सांगितलं, त्याचा अर्थ 'मी मुलगी आहे' असा होतो. म्हटलं, असू दे रे. मी म्हैस आहे म्हणायला लावलं असतं तरी म्हटलं असतं.

पुढच्या रविवारी म्हटलं, ती थोडी हसली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं माझ्याकडं बघितलं, आणि बाहुलीचे केस विंचरायला लागली.

दुसऱ्या धड्यात घोडा सफरचंद खात होता. मी ॲप काढून टाकलं. ती बाई भराभरा बोलते आणि आपण काही विचारलं तर उत्तर देत नाही. सर निदान उत्तर देतात, उपयोगाचं नसलं म्हणून काय झालं.

*

गेल्या डिसेंबरात ते आले. सहा दिवसांसाठी.

घरात पाऊल टाकल्यापासून पोरगी बडबडत होती. शेळीशी बोलली, कुत्र्याच्या पिल्लांशी बोलली, पाण्याच्या मोटरशीसुद्धा बोलली. मी तिच्यामागं फिरत होतो आणि हात लावून दाखवत होतो. दार, पोर्ता. दगड, पेत्रा. ती मान हलवायची, म्हणजे बरोबर आहे. पण पुढं काय? दगड झाला, पुढं काय बोलायचं? ती वाट बघायची, मग पिल्लांकडं पळायची. रोज रात्री मी मनात म्हणायचो, उद्या जमेल. पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सगळ्यांना शिवनेरीच्या लेण्यांत नेलं, यवनानं दिलेलं टाकं दाखवायला. दुपारी तिथूनच मुंबईची गाडी होती. क्लास आधीच हजर. सरांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, सुमनताईंनी पांढरी साडी. बाळूनं या वेळी अत्तर लावलं नव्हतं. सरांनी कागद काढला आणि ग्रीकमध्ये स्वागताचं भाषण केलं. चांगलं दहा मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर ग्रीक कान होते.

सूनबाई भक्तिभावानं ऐकत होत्या. संपल्यावर सागरच्या कानात काहीतरी म्हणाल्या. सर म्हणाले, "काय म्हणतात? सांगा, स्पष्ट सांगा."

सागर म्हणाला, "सर, ती म्हणती, लई छान. चर्चमधी फादर बोलत्यात तसं. तिला पण त्यातलं लई कळत न्हाई."

बाळू म्हणाला, "म्हंजी आपण तीन वर्षं भटजीची भाषा शिकलो व्हय?"

सरांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, खिशात ठेवला. सुमनताईंनी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. मला सरांवर चिडायचं होतं, पण चिडता येईना. माणसानं जे होतं ते सगळं दिलं होतं.

खाली उतरलो. गाडीत सामान भरलं. ड्रायव्हर घाई करत होता. मी सागरला म्हटलं, आता परत कधी? तो म्हणाला, बघू आबा, तिची शाळा हाय, हिला रजा न्हाई. म्हणजे काय ते मला कळलं. बत्तीस वर्षं मी स्टँडवर माणसं एकमेकांना सोडताना बघितलीत.

एवढ्यात इरीनी गाडीतून उतरली. माझं बोट धरलं, आणि वर बघत एक लांबलचक वाक्य बोलली. गंभीरपणे, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. मी सरांकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत होते. सुमनताईंकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, नाही. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश.

मी सागरला विचारलं, "काय म्हणती?"

"काय न्हाई आबा. ल्हान हाय ती. बसू द्या, उशीर झालाय."

"सांग म्हणतो ना."

सागरनं गाडीच्या दारावर हात ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती म्हणती, आबा मोठे झाले आणि त्यांना बोलायला यायला लागलं, की मी परत येईन."