तीस सेकंदांचा दंड

माझ्या नातीने चाकांच्या बुटांवर खेळायचा हा खेळ निवडला तेव्हा मी विरोध केला नाही. संस्कृत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. जे कळत नाही त्याला आधी नमस्कार करावा आणि मग ते वाचायला घ्यावे, एवढीच माझी रीत. म्हणून मी तिला म्हणालो, "तुझ्या खेळाचे नियम मला वाचून दाखव."

"आजोबा, झोप येईल तुम्हाला."

"मला मीमांसा वाचताना झोप आली नाही. वाच."

उन्हाळ्याच्या सुट्टीत, देवापाशी दिवा लागल्यावर, ती वाचायची आणि मी शंका काढायचो. खेळ असा. लांबट गोल वाटेवर दोन्ही संघांच्या चार-चार मुली घोळक्याने सरकत असतात. प्रत्येक संघाची आणखी एक मुलगी असते, तिच्या हेल्मेटवर तारा. तिने घोळका एकदा भेदून जायचे, आणि मग पुन्हा फिरून येऊन प्रतिपक्षाच्या जितक्या मुली ओलांडेल तितके गुण. तिला अडवायला खांद्याने वा कमरेने धक्का देण्याची मुभा आहे. पाठीत, डोक्याला, गुडघ्याखाली नाही, आणि हातांनी तर नाहीच. चूक झाली की पंच शिट्टी वाजवतो, रंग आणि क्रमांक पुकारतो. मग त्या मुलीने वाद न घालता बाहेर जाऊन तीस सेकंद खुर्चीवर बसायचे. तारेवालीच बसली तर तेवढा वेळ तिच्या संघाला गुण मिळवणारे कोणीच उरत नाही.

या नियमांतल्या दोन गोष्टींनी माझे मन जिंकले. पहिली अशी की, हात नुसता लागला म्हणून दंड नाही. त्या हाताने समोरची ढळली, पडली, तिची जागा गेली, तर दंड. कृतीइतकेच तिच्या फळाकडे पाहणारा नियम विवेकी असतो. दुसरी अशी की, दंड भोगला की विषय मिटला. वारंवार चुकली तरच मुलगी सामन्यातून बाद होते. एरवी तीस सेकंदांनी ती उठते आणि खेळात परतते. प्रायश्चित्ताला इतका स्वच्छ शेवट मी माणसांच्या व्यवहारात क्वचितच पाहिला होता. मी नातीला तसे बोलूनही दाखवले. ते बोललो नसतो तर बरे झाले असते.

उचगावच्या अंगाला सिमेंटचे एक मैदान आहे. तिथे निवडीचा सामना होता. त्यातून जिल्ह्याचा संघ ठरणार होता आणि वर्षभर तोच राहणार होता. नातीने त्यासाठी दोन वर्षे गुडघे फोडून घेतले होते. तिच्या हेल्मेटवर तारा होता आणि उत्तरार्धापर्यंत तिचा संघ पुढे होता.

तेव्हा ते घडले. प्रतिपक्षाची, गडमुडशिंगीची एक दणकट मुलगी, वाटेतच पडली. नातीने तिच्यावरून उडी घेतली, पण चाक तिच्या पाठीला निसटते लागले. आमच्या घरात, मूल चालायला लागल्यापासून, कोणाला पाय लागला की वाकून त्याला स्पर्श करायचा आणि तो हात हृदयाशी न्यायचा, हे मी शिकवले आहे. नात थबकली, वाकली, त्या मुलीच्या पाठीला बोटे लावली आणि छातीशी नेली. ती मुलगी तसूभरही हलली नव्हती. पण आतल्या बाजूने पाहणाऱ्या पंचाला दिसला तो उठू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीवरचा हात. शिट्टी वाजली.

नात नियमाप्रमाणे मुकाट्याने खुर्चीकडे निघाली. खाली पडलेली मुलगी हसत ओरडली, "आगं, माझ्या पाया पडतीस व्हय? थांब की, आशीर्वाद तर घे!"

संघाला अशा वेळी दाद मागता येते. खेळाच्या प्रत्येक अर्ध्या भागात एकदा, तीही कर्णधाराने किंवा प्रशिक्षकाने. प्रेक्षकाने नाही. मी दोरीपाशी जाऊन प्रशिक्षकांना म्हणालो, "दाद मागा. मुलगी ढळली नाही, तर दंड कसा? आपली संधी अजून शिल्लक आहे."

"कळतंय की गुरुजी मला." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "पर पंच बाहेरगावचं हाईत. पावणं माणूस. दुपारी माझ्याच घरात रस्सा वरपून आल्यात. आता चारचौघांत त्यांचंच चुकलं म्हणू?"

"त्यासाठीच तर तो नियम केला आहे."

"नियम हाय, न्हाय कोण म्हणतंय? पर आपल्यात तसं करत न्हाईत."

ते खोटे बोलत नव्हते. आपल्यात तसे करत नाहीत. जन्मभर मीही हेच शिकवत आलो की दारी आलेल्याचा मान राखावा. त्या मानाची किंमत कोणाकडून वसूल होते हे मात्र कधी सांगितले नव्हते. नात खुर्चीवर ताठ बसून होती आणि समोरची तारेवाली एकटीच गुण घेत फिरत होती. त्या गुणांवरच सामना गेला.

निवड जाहीर झाली, तिच्यात नात नव्हती. निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मला समजावत म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, आजोबा. पर मैदानात नमस्कार करत बसती. तसलं चालत न्हाय खेळात."

म्हणजे तो नमस्कार होता, हे त्यांना ठाऊक होते. दंड झाला धक्क्यासाठी आणि नाव गळाले नमस्कारासाठी.

निघताना पंच माझ्यापाशी आले. वयस्कर माणूस पाहून ते वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. सवयीने माझ्या तोंडून आशीर्वाद निघाला. तो मी मागे घेतलेला नाही, पण तो मनापासून दिला असेही म्हणणार नाही.

रिक्षात नातीने हेल्मेट मांडीवर घेतले. मग म्हणाली, "आजोबा, तीस सेकंद बसले ना मी?"

"बसलीस."

"मग?"

नियम तीस सेकंदांचा होता; वर्षाचा दंड माणसांनी आपल्या पदरचा घातला होता, आणि त्यावर दाद मागायची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

ती खेळतेच आहे. मी परवा सराव पाहायला गेलो. एका वळणावर पडलेल्या मुलीच्या दंडाला तिचा पाय लागला. तिचा हात खाली निघाला, अर्ध्यात थांबला, आणि तिने तो मूठ वळून कमरेशी ओढून घेतला. ती तशीच पुढे गेली.

"आत्ता कसं!" प्रशिक्षक ओरडले. "आत्ता आली पोरगी वळणावर!"

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासमोरून जाताना नातीने माझ्याकडे पाहिले नाही. मी हातातली जपाची माळ खिशात ठेवली आणि सराव संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो.