सुतकात कापलेलं कोरल

त्या सकाळी मी आणि बायकोने मिळून टाकीत पाणी भरलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात काचेच्या टाकीतलं पाणी भराभर आटतं, पण त्यातलं मीठ आटत नाही. म्हणून वरून भरायचं ते फिल्टरचं गोडं पाणीच. खारेपणा वाढला की मऊ कोरल आधी आकसतात, मग सडतात. मी चौथी शिकलेला माणूस, पण रंगीत माशांचं दुकान जन्मभर चालवलं. दुकान बंद केलं तेव्हा समुद्राच्या पाण्याची ही एक टाकी तेवढी घरी आणली.

ती मगाने हळूहळू ओतत होती. खारेपणा पाहायची लहानशी दुर्बीण माझ्या डोळ्याला. टाकीच्या मधोमध तिचं लेदर कोरल. कातड्यासारखं मऊ, देठावर उघडलेली छत्री जशी. नखाएवढा तुकडा तिने वाढवून पापडाएवढा केला होता. त्या आठवड्यात ते मिटलेलं होतं, अंगावर मेणासारखी साय धरली होती.

"कात टाकून राहिलं," मी म्हणालो.

"टाकू द्या. तुमची बनियन त चार दिवस अंगावरून निघत नाही. त्याची कातडी तरी निघते."

नवा माणूस इथेच घाबरतो आणि टाकीत औषध ओततो. अरे, हा आजार नाही. ते आपलं अंग धुतं. फक्त पाणी वाहतं पाहिजे, म्हणजे सुटलेली साल वाहून जाते. साल अंगावर बसून राहिली तर खाली कुजतं.

"चहा मांडतो," म्हणून ती उठली आणि ओट्यापाशी बसली ती बसलीच. डॉक्टर आला तोवर काही उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तिला नेलं.

मयत नेल्यावर मागे बायका घर धुतात. त्यांनी धुतलं. टीव्हीवर चादर टाकली, आणि दुःखाच्या घरात घरघर बरी नाही म्हणून टाकीच्या पंपाची पिनही काढून ठेवली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. परत आलो तेव्हा मला तरी कुठे काय ऐकू येत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर घर मुकं. धावत टाकीपाशी गेलो. वाहतं पाणी नाही, त्यामुळे साल तशीच चिकटलेली, आणि छत्रीच्या एका कडेला भुरकट, बुळबुळीत डाग. पाण्याला वास. सड लागली होती. ही सड थांबत नाही, पाहता पाहता देठापर्यंत जाते. पिन लावली, हातमोजे घातले, दाढीच्या सामानातून कोरं पातं काढलं.

चांदूर बाजारहून आलेली मोठी बहीण मागे उभी.

"बापू, काय करून राहिला रे?"

"कापतो."

"सुतकात पातं लावत नाही, बाप्पा. दहावं होऊ दे."

"तोवर याचंबी दहावं होईन."

"लोकं काय म्हनतीन? काल बायको जाळली अन् आज मासोया घेऊन बसला!"

"मासोई नोहे थे. तिचं हाय. तिच्यासाठी काल मले काही करता आलं नाही, बाई. याचं मले करता येते."

तिने पदराने नाक पुसलं, मग म्हणाली, "कटोरा पाहिजे काय?"

"दे. अन् तो परत सैपाकात घेऊ नोको."

सड जिथे संपते तिथे कापायचं नाही. त्याच्या आत, चांगल्या अंगात कापायचं. हात राखला की सड राहते. मी राखला नाही, पाव छत्री उडवली. टाकीचंच पाणी कटोऱ्यात घेतलं, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं आयोडीन टाकलं, त्यात कोरल हलवून काढलं. ते पाणी मोरीत. कापलेलं लेदर पाण्यात विष सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये नवा कोळसा घातला. कोरल दगडावर, पाण्याची धार लागेल असं बसवलं.

"जगीन काय?" बहीण म्हणाली.

"जगीन. आठ-पंधरा दिवस मिटून राहीन, मंग उघडीन."

बाहेर माणसं बसायला येऊ लागली होती. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि त्यांच्यात जाऊन बसलो.