निर्माल्याची पिशवी

माझ्या सासूबाई गणपतीचं निर्माल्य पंचगंगेतच सोडायच्या. दुर्वा, हार, पत्री, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारायची आणि घाटावरून लांब फेकायचं. एका वर्षी घाटावर निर्माल्य गोळा करायच्या ट्रॉलीजवळ कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आजी, निर्माल्य त्या ट्रॉलीत टाका. नदी खराब होते."

सासूबाई कडाडल्या. "देवाची फुलं कचऱ्यात? तुझ्या घरात असंच करत्यात व्हय गं?"

मुलीचा चेहरा उतरला. सासूबाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. देवाचं काही चुकलं तर घराला बाधेल, ही भीती त्यांना खरीच वाटायची. मला दोघींचं वाईट वाटलं. मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण माझी नणंद शिरोळकडं दिलेली, नदीचं पाणी पुढं तिकडंच जातं, आणि त्या पावसाळ्यात तिच्या पोरांना कावीळ झाली होती. मी हळूच सासूबाईंना म्हटलं, "आत्या, वन्सं ह्येच पाणी पित्यात की."

त्यांनी पिशवीची गाठ सोडली. एक दुर्वा नदीला वाहिली आणि बाकीचं निर्माल्य ट्रॉलीत अलगद ठेवलं.

तेवढ्यात शेजारी उभ्या एका माणसानं आपली पिशवी पाण्यात भिरकावली.

"ओ पावणं!" सासूबाई ओरडल्या. "खाली माझी लेक नांदती. तिला घाण पाजताय व्हय?"

"आता गेली की, आजी."

"मग उतरा पाण्यात!"

तो बिचारा खरोखरच पँट वर दुमडून पायऱ्या उतरू लागला.