काळी टिकली

शेंडेवहिनींचा फोन आला तेव्हा मी शेंडेभाऊंवरच चिडून बसले होते. आमच्या मराठी मंडळाच्या कॉम्प्युटरवर आमंत्रणाचं बटण चालेना, आणि "उद्या सकाळी येतो" म्हणालेल्या या गृहस्थांचा अकरा वाजले तरी पत्ता नाही! फोन उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "वहिनी, निघाले का हो भाऊ?" त्या म्हणाल्या, "हे गेले हो, कुंदाताई. झोपेतच."

या गोष्टीला आता वर्ष होईल. भाऊंनी इथल्या बरखेड्याच्या कारखान्यात जन्मभर मशिनी सांभाळल्या. रिटायर झाल्यावर त्यांच्या तावडीत मी सापडले, मंडळाची सचिव. माझी नोकरी सरकारी, सगळी हिंदीत; प्रत्येक सरकारी पत्र "लेख है कि"ने सुरू करून करून मराठी पत्राला हात लावला की घाम फुटायचा. त्यात तीच ती पत्रं मी दरवेळी पहिल्यापासून टाइप करायचे. भाऊंनी एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काय हो ताई, काऊन इतकी मेहनत? एक बटण दाबलं की अख्खं पत्र आलं पाहिजे!" दोन दिवसांत त्यांनी ते करूनही दाखवलं. कुठलं बटण कशाचं हे माझ्या लक्षात राहीना, तर पठ्ठ्याने वहिनींचं टिकल्यांचं पाकीट पळवलं आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीत टिकल्या चिकटवल्या. हिरवी आभाराची, लाल आमंत्रणाच्या शेवटाची, तिच्या शेजारची मरून सही-शिक्क्याची, आणि काळी शोकपत्राची. काळी दाबायची, नाव भरायचं, मरून दाबायची, झालं.

आणि मी घोळ घातलाच. साकेत नगरातल्या एका सभासद बाईंचे यजमान वारले. मी काळी दाबली, नाव भरलं, घाईघाईत मरूनऐवजी लाल दाबली आणि न वाचता पत्र पाठवून दिलं. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' याच्या खाली छापलेलं होतं, 'तरी सहकुटुंब येऊन कार्यक्रमाची शोभा वाढवावी. अल्पोपाहाराची सोय केली आहे.' देवा! मी तर तोंड लपवून बसले. माफी मागायला भाऊ एकटे गेले. त्या बाई म्हणे पत्र दाखवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, "आमच्या ह्यांना अल्पोपाहार फार आवडायचा" म्हणाल्या, आणि भाऊंना पोहे खाऊ घातले.

परत आल्यावर मात्र भाऊंनी नखाने काळी टिकली खरवडून काढली. "हे पत्र आता हातानंच लिहायचं, ताई. माणूस एकदाच जाते. त्याच्यासाठी बसा ना जरा वेळ." मी कडाकडा भांडले. मला सुचत नाही, माझं हसं होईल, सगळं सांगून पाहिलं. हा माणूस ढिम्म! त्यानंतर कोणी गेलं की मी सरळ फोन करून मोकळी व्हायचे.

आता त्यांचंच शोकपत्र लिहायची पाळी माझ्यावर आली. वहिनींना काय लिहावं... कागद घेऊन कॉम्प्युटरपुढे तासभर बसले, एक ओळ उतरेना. माझ्या भावासारखा माणूस, आणि त्याच्यासाठी माझ्यापाशी दोन वाक्यं नाहीत, याची भयंकर लाज वाटली. शेवटी बोट त्या जुन्या बटणावर गेलं, टिकलीचा चिकटपणा होता अजून. म्हटलं, जुनं पत्र राहिलं असेल आत. दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली:

'दाबलंच ना, कुंदाताई? लिहा आता. तो माणूस काय खायचा, तिथून सुरू करा.'

केव्हा भरून ठेवलं होतं, देव जाणे! मी आधी हसले, मग हमसून हमसून रडले, आणि मग लिहिलं: 'वहिनी, भाऊ आमच्याकडे आले की चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायचे...' चार पानं झाली. मी स्वतः नेऊन दिली. वहिनींनी ती दोनदा वाचली आणि आतून टिकल्यांचं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं.

त्या बटणावर मी पुन्हा काळी टिकली लावली आहे. कोणाचंही असं पत्र लिहायला बसले की आधी तीच दाबते. भाऊंची बोलणी खाल्ली की हात चालायला लागतो.