पडल्या जागीचा नारळ

माणूस पडलं की आमच्याकडे लोक आधी हसतात, मग उचलतात आणि मग विचारतात, "कुठं पडलीस गं?" लागलं का, हे सगळ्यात शेवटी. कारण आमच्या गावात जागेला मान असतो. जिथे पडलं तिथे दहीभात ठेवायचा, नारळ फोडायचा, जागेची क्षमा मागायची, मग हाड जुळतं असं म्हणतात. मी बारावी शिकलेली, त्यामुळे हे ऐकून मी वर्षानुवर्षं मनात हसत आले होते. आता हसत नाही.

कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लोणच्याची कंपनी आहे. तिथे मी बाटल्या भरायच्या कामाला होते. होते कंत्राटदाराकडून, पण कामगार विम्याचं कार्ड माझ्या स्वतःच्या नावाचं होतं आणि ते मी पर्समध्ये देवाच्या फोटोमागे ठेवायचे. आमच्या खात्यात तेलाच्या टाकीचा नळ पंधरा दिवस गळत होता. आम्ही बायकांनी सुपरवायझरला तीनदा सांगितलं. त्याने खाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठा तेल प्यायला की दुसरा पुठ्ठा. एवढे पुठ्ठे बदलले, पण मेल्याने नळाचा वॉशर काही बदलला नाही.

आणि मग एक दिवस दुपारच्या जेवणाआधी मी क्रेट घेऊन निघाले, पुठ्ठा पायाखालून सटकला आणि मी आडवी. लोणच्याच्या बारा बाटल्या फुटल्या, तेरावं माझं मनगट. अंगावर लाल तेल सांडलं, ते रक्त समजून एक बाई जी किंचाळली, तिला पाणी पाजायला दोघीजणी धावल्या. मी आपली तशीच पडलेली. शेवटी मीच ओरडले, "अगं बायांनो, पडले ती मी! मला कोणी उचलता का?"

सुपरवायझर धावत आला. हा माणूस शेजारच्या गावचा, माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या बाकावरचा. होळीला आमच्याकडे पुरणपोळी खाल्ल्याशिवाय त्याची होळी होत नाही. मला वहिनी म्हणतो. त्याने मला कंपनीच्या टेंपोत पुढे बसवलं आणि दवाखाना येईपर्यंत रुमालाने स्वतःचाच घाम पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, येक ऐकाल का? डॉक्टरला घरी पडले म्हना. कंपनीत पडले म्हनलात तं चौकशी लागंल. पयली माझी नोकरी जाईल. पोरगी बारावीला हाय. तुमच्या हाताचं सगळं मी बघतो ना."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझं मनगट लोंबतंय आणि तू त्याचं ऐकलंस? ऐकलं. ज्याला ताटात वाढलंय त्याला नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच नाही. डॉक्टरांनी विचारलं, कुठे पडलात? मी म्हटलं, घरी, न्हाणीत. आणि खोटं बोलायचं तर नीट बोलावं म्हणून वर म्हटलं, "साबणावर." साबण मी माझ्या पदरचा घातला. डॉक्टरांनी तो कागदावर लिहूनही घेतला.

घरी आले तर सासूबाई दारातच. माहेर कशेळ्याकडचं, तिकडच्या बायका फटकळ, त्यामुळे बाई एकदा बोलली की बोलली. "कुठं पडलीस गं?" मी डोळे खाली घालून म्हटलं, "न्हाणीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीवरच्या लाल तेलाकडे बघितलं. "सकाळी धडधाकट डबा घेऊन गेलीस. आपली न्हाणी कंपनीत कधी नेलीस?" मग मला सगळं सांगावं लागलं. त्यावर त्या सुपरवायझरला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांची काळजी वेगळीच होती. "डॉक्टरला काय पन सांग. जागेला खोटं चालत नाय. न्हाणीत नारळ फोडून हात जुळंल काय तुझा?"

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या गुंगीत झोपलेली असताना ही बाई पिशवीत नारळ आणि केळीच्या पानात दहीभात घेऊन टमटमने कंपनीच्या गेटवर गेली. पुढचं मला आमच्या खात्यातल्या बायकांनी फोनवर हसत हसत सांगितलं. गेटवरचा वॉचमन म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, घाटावरचा माणूस. मालकाची गाडी आली तरी वहीत लिहिल्याशिवाय दांडा वर करायचा नाही. तो म्हणाला, "आजी, काम काय?" सासूबाई म्हणाल्या, "नारळ फोडाया आले." "कोणाला भेटायचंय?" "मानसाला नाय, जागेला." म्हणे पाच मिनिटं दोघांची जुंपली होती. अखेर त्याने आत सोडलं. सुपरवायझर जेवायला गेलेला. बायकांनी जागा दाखवली. सासूबाईंनी दहीभात ठेवला, नारळ टाकीच्या कट्ट्यावर फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि जाताना त्या गळक्या नळाला चार शिव्या देऊन आल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कंपनीभर हसणार, एवढंच माझ्या डोक्यात.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण हात फिरेना. उजवा तळवा वर करायला गेले की अर्ध्यावर अडकायचा. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पण पूर्वीसारखा फिरेल याची खात्री नाही. क्रेट खालून धरायचं तर दोन्ही तळवे वर लागतात. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, तुमची जागा भरली. सुपरवायझरला फोन केला. उचलला नाही. नऊदा केला. जो माणूस सगळं बघणार होता त्याला आता माझा नंबरही दिसेना! त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. हाताचं दुखणं सोसलं होतं, हे सोसेना.

मग राग आला. रडण्यापेक्षा तो बरा. कर्जतच्या कोर्टात माझी एक वर्गमैत्रीण वकील आहे. शाळेत हिचा पहिला नंबर आणि माझा हिच्या शेजारचा बाक. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, कामावर कामामुळे पडलीस तर तो कामावरचा अपघात. कंत्राटाची असलीस तरी तुझा विमा आहेच. चूक कोणाची, हेसुद्धा त्यात बघत नाहीत. हात अधू राहिला तर त्याचे पैसे दर महिन्याला मिळत राहतात, जन्मभर. आणि हाताच्या रजेवर असताना तुला कामावरून काढता येत नाही."

"आणि न्हाणीत पडले असले तर?"

"तर साबणवाल्यावर दावा लाव," ती म्हणाली. मग तीच गंभीर झाली. "तोंडाने बोललीस ते कागदावर गेलं. आता तोंडाने निघणार नाही, दुसरा कागद पाहिजे. अपघाताच्या वहीत नोंद आहे?"

नव्हती. सुपरवायझर कशाला करतोय?

"बघणाऱ्या बायका?"

होत्या की आठजणी! पण सगळ्या कंत्राटावर. एकीने सांगितलं, मी फोनवर होते. दुसरीला एकाएकी मागचं काही आठवेना. किंचाळलेली बाई म्हणाली, "ताई, मी तर डोळेच मिटलेले." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दीड-दोन महिन्यांपूर्वी मी काय वेगळं केलं होतं?

असे चार दिवस गेले. माझा हात, माझी नोकरी, सगळं त्या साबणाच्या एका शब्दावर अडलेलं. पाचव्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी डाव्या हाताने खडे शोधत होते. त्यांना आपला नारळ आठवला. "त्या वॉचमनचा तं तोंडवळाच तसा. म्हने आजी, सही करा. मी नारळ फोडाया गेले का जमीन विकाया? मोठं पुस्तक काढलंन, किती तरी लिवत बसला."

माझ्या बोटांतला खडा तिथेच राहिला. "आत्या, काय लिहिलं त्याने?"

"मला काय म्हाईत? मी सांगत गेले, तो लिवत गेला."

मी वकीलबाईला फोन लावला. ती पलीकडून इतकी ओरडली की सासूबाईंनाही ऐकू गेलं. तिने दोन अर्ज केले, एक कंपनीला, एक विम्याच्या कार्यालयाला. गेटची वही तपासावी, एवढीच मागणी. धाकधूक होतीच. पान फाडायला कितीसा वेळ लागतो? पण वॉचमन फौजेतला. वहीच्या पानांना नंबर घातलेले आणि वही त्याच्या कपाटात. विम्याचे साहेब कंपनीत आले तेव्हा म्हणे त्याने सलाम ठोकून वही काढली आणि पान उघडूनच समोर ठेवली.

मग आम्हाला कार्यालयात बोलावलं. मी, सासूबाई, वकीलबाई, कंपनीचा एक माणूस आणि सुपरवायझर. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी आधी डॉक्टरांचा कागद वाचला. घरी, न्हाणीत, साबणावर. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मग त्यांनी वहीच्या पानाची नक्कल उचलली आणि मोठ्याने वाचलं. "भेटावयाची व्यक्ती, जागा. कामाचे स्वरूप, काल दुपारी सून बाटली खात्यात टाकीखालील तेलावर पडली, मनगट मोडले, त्या ठिकाणी नारळ फोडणे. सोबतचे सामान, नारळ एक, दहीभात." खाली सासूबाईंची वाकडीतिकडी सही, जी त्या साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या आणि आजवर कुठेच कामी आली नव्हती.

साहेब हसू दाबत म्हणाले, "आजी, हे खरं का?"

सासूबाई उभ्या राहिल्या. "सायब, मानसाला फशिवता येतं. खोट्या जागी नारळ कोन फोडंल? नारळ काय फुकट येतो?"

खोलीत सगळे हसले. सुपरवायझर हसला नाही. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वहिनी तिथंच पडल्या. मीच त्यांना घरी पडल्या म्हनाया सांगितलं." मला वाटलं होतं, हे ऐकून मला आनंद होईल. वाईटच वाटलं.

अपघात कामावरचा ठरला. अपघाताच्या वहीत नोंद झाली, कंत्राटदाराला जागा एकाएकी सापडली, आणि आता मी बसून लेबलं तपासते. हाताची तपासणी होऊन अधूपणाचं जे काही ठरलं ते दर महिन्याला खात्यात येतं. नळाला वॉशर बसला. आणि सुपरवायझरची नोकरी? गेली नाही हो! एक पत्र मिळालं त्याला, समज दिल्याचं. ज्या नोकरीसाठी मी साबण घातला ती जाणारच नव्हती. होळीला तो दारात येऊन घुटमळत होता. सासूबाईंनीच हाक मारली, "ये रं, जेवून जा. पन आता तुज्यासाठी कोन खोटं बोलनार नाय."

परवा गावच्या देवळात उत्सव होता. सासूबाई खोबऱ्याचा प्रसाद वाटत होत्या. देवाचं डाव्या हाताने घेतलेलं त्यांना खपत नाही, नातवंडांच्या हातावर फटका बसतो. मी रांगेत पुढे आले, सवयीने उजवा हात काढला. तळवा वर होईना, अर्ध्यावरच थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, डावा कर की. मी सासूबाईंकडे बघितलं.

त्यांनी माझा डावा हात स्वतः ओढून घेतला, त्यावर खोबरं ठेवलं आणि मूठ मिटवली. मग माझा उजवा हात धरून तसाच देवाला दाखवला. म्हणाल्या, "ह्यो कामावर गेला रं. कुठं गेला ते खरं लिवलंय."